‘कॉन्फ्लिक्ट’ कुठे बसतो, कुठे खटकतो

गुरुवारच्या मीटिंगचं निमंत्रण पाठवलं की अमेरिकेतल्या साहेबांचं एका ओळीचं उत्तर येतं: ‘सॉरी, आय हॅव अ कॉन्फ्लिक्ट ॲट थ्री.’ नोकरीत नवीन असलेला माणूस दचकतो. साहेबांचं कुणाशी बिनसलंय की काय? आपल्यामुळे तर नाही? बिनसलेलं काहीच नसतं. तीन वाजता त्यांची दुसरी मीटिंग आहे, बस. यावर ‘होप एव्हरीथिंग इज ओके’ असं काळजीचं उत्तर पाठवू नये. ‘नो प्रॉब्लेम, वुड फोर थर्टी वर्क?’ असं विचारावं.

हा घोटाळा होतो त्याचं कारण शाळेतल्या वहीत आहे. तिथे कॉन्फ्लिक्टपुढे ‘संघर्ष, भांडण’ असं लिहून आपण तो शब्द पाठ केलेला असतो. इंग्रजीत त्याचा गाभा निराळा आहे: दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी उभ्या राहू शकत नाहीत. त्यात राग असेल किंवा नसेल. दोन मीटिंगा, दोन साक्षीदारांचे जबाब, एकाच माणसाचे दोन हितसंबंध, दोन सैन्यं, या सगळ्यांना इंग्रजी हा एकच शब्द लावते. मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द येतो, म्हणून अडखळायला होतं.

शब्द लॅटिनमधला. ‘कॉन’ म्हणजे एकत्र आणि ‘फ्लिगेरे’ म्हणजे आपटणं, तडाखा देणं. ‘इन्फ्लिक्ट’ आणि ‘अफ्लिक्ट’ ही त्याची भावंडं. आपला ‘संघर्ष’ घासण्यातून आला आहे. घर्षण आणि संघर्ष एकाच धातूचे. इंग्रजी शब्द आदळतो, संस्कृत शब्द घासतो. फरक गमतीचा आहे आणि पुढे एका ठिकाणी कामालाही येणार आहे.

पायरी १: आधी उच्चार

नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर: कॉन्-फ्लिक्ट. क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि पहिला तुकडा आक्रसून ‘कन्’ होतो: कन्-फ्लिक्ट. ‘रेकॉर्ड’, ‘एक्सपोर्ट’, ‘प्रोटेस्ट’ हे शब्दही असेच दोन तऱ्हांनी बोलले जातात. मराठीत जोर हलवून शब्दाची जात बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही तुकडे सारख्याच वजनाने म्हणतो आणि ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही की हे नाम आहे की क्रियापद. ‘कन्फ्लिक्टिंग’ आणि ‘कन्फ्लिक्टेड’ ही रूपं क्रियापदावरून आलेली, म्हणून तिथेही जोर ‘फ्लिक्’वरच.

‘फ’ फळातला नको. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा सोडायची. शेवटचा ‘ट’ एकवचनात ऐकू आला पाहिजे. ‘कॉन्फ्लिक’ म्हटलं तर शब्द अर्धवट वाटतो. अनेकवचनात मात्र ‘क्ट्स’ एवढं सगळं जिभेवर घोळवत बसू नका. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकसुद्धा भरभर बोलताना ‘क्स’वर भागवतात.

पायरी २: माणसं ‘कॉन्फ्लिक्ट’ करत नाहीत

ही पायरी चुकली तर पुढची सगळी वाक्यं चुकतात. नाम माणसांना चालतं: ‘देअर इज अ कॉन्फ्लिक्ट बिट्वीन द टू ब्रदर्स.’ क्रियापद माणसांना सहसा चालत नाही. ‘रमेश कन्फ्लिक्टेड विथ सुरेश’ हे इंग्रजी कानाला विचित्र लागतं. माणसं ‘क्लॅश’ करतात, ‘आर्ग्यू’ करतात, ‘क्वॉरल’ करतात. कन्फ्लिक्ट होतात ती विधानं, तारखा, नियम, हितं: ‘हिज स्टेटमेंट कन्फ्लिक्ट्स विथ द एफआयआर’, म्हणजे त्याचा जबाब एफआयआरशी जुळत नाही.

या क्रियापदाला कर्म लागत नाही. ‘धिस रूल कन्फ्लिक्ट्स दॅट रूल’ चूक. मध्ये ‘विथ’ हवाच. दोन्ही बाजू एकदम कर्ता झाल्या तर ‘विथ’ गळतो: ‘द टू अकाउंट्स कन्फ्लिक्ट.’

विशेषणं दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. ‘कन्फ्लिक्टिंग’ म्हणजे एकमेकांशी न जुळणारं: ‘कन्फ्लिक्टिंग रिपोर्ट्स’, परस्परविरोधी बातम्या. अपघातात किती जखमी झाले याचे दोन आकडे येतात तेव्हा हा शब्द. ‘कन्फ्लिक्टेड’ हे बहुतेक वेळा माणसाचं मन असतं: ‘आय फील कन्फ्लिक्टेड अबाउट द ऑफर’, म्हणजे नोकरी घ्यावीशीही वाटते आणि नकोशीही. इथे ‘आय ॲम कन्फ्लिक्टिंग’ असं म्हटलं तर वाक्य कोसळतं.

पायरी ३: ‘संघर्ष’ दिसला की थांबा

मराठीतून इंग्रजीत जाताना सगळ्यात जास्त पाय इथे घसरतो. ‘आईने फार संघर्ष करून आम्हाला शिकवलं’ या वाक्यात कॉन्फ्लिक्ट औषधालाही नाही. इथे शब्द ‘स्ट्रगल’: ‘अवर मदर स्ट्रगल्ड टू एज्युकेट अस.’ कॉन्फ्लिक्ट वापरला तर आईचं कुणाशी तरी वैर होतं असा अर्थ निघेल.

ओळखायची सोपी खूण: दुसरी बाजू कोण, असं विचारायचं. गरिबी, दुष्काळ, आजारपण, परिस्थिती असं उत्तर आलं तर स्ट्रगल. दुसऱ्या बाजूलाही माणूस, गट, देश, नियम किंवा तारीख असं काही उभं असेल तर कॉन्फ्लिक्टचा विचार करा. ‘संघर्ष समिती’चं भाषांतर ‘कॉन्फ्लिक्ट कमिटी’ केलं तर ती भांडणं लावणारी समिती वाटेल. तिथे ‘ॲक्शन कमिटी’ म्हणतात. मराठी संघर्षात माणूस एकटाच परिस्थितीशी घासत राहू शकतो. इंग्रजी शब्दात आदळायला दोघं लागतात.

‘वाद’चंही असंच. वादविवाद स्पर्धा म्हणजे ‘डिबेट’, घरातली शब्दाला शब्दाची वादावादी म्हणजे ‘आर्ग्युमेंट’, जमिनीचा वाद म्हणजे ‘डिस्प्यूट’.

पायरी ४: शेजारपाजारचे शब्द

सासूबाईंशी खटका उडाला, बसमध्ये कंडक्टरशी बाचाबाची झाली, नवराबायकोत अबोला आहे. यातल्या कशालाही ‘आय हॅड अ कॉन्फ्लिक्ट’ म्हणू नका. सरकारी अहवाल वाचल्यासारखं वाटतं. रोजच्या बोलण्यात ‘वी हॅड अ फाइट’ किंवा ‘वी हॅड ॲन आर्ग्युमेंट’. भारतात ‘फाइट’ ऐकला की हाणामारी डोळ्यांपुढे येते, पण इंग्रजीत तोंडी भांडणालाही तो सर्रास चालतो. ब्रिटिश मंडळी आर-ओ-डब्ल्यू असं स्पेलिंग असलेला एक शब्द वापरतात. भांडण असा अर्थ असेल तर त्याचा उच्चार ‘राव’च्या जवळ जातो, ‘रो’ म्हटलं तर ती खुर्च्यांची रांग होते. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाऊबंदकी म्हणजे ‘फ्यूड’.

गंभीर शब्दांमध्ये तिघांची ओळख करून घ्यावी लागते: ‘डिस्प्यूट’, ‘क्लॅश’ आणि ‘कॉन्फ्लिक्ट’. भारत-चीन सीमेवर तिन्ही एकत्र सापडतात. रेषा कुठली यावर दोन्ही देशांचं एकमत नाही, हा ‘बॉर्डर डिस्प्यूट’. गोळी न झाडताही तो वर्षानुवर्षं चालू राहतो. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात सैनिक समोरासमोर भिडले, तो ‘क्लॅश’: थोडा वेळ चाललेली, एका जागची, प्रत्यक्ष चकमक. १९६२ साली जे झालं ते ‘वॉर’, आणि त्यालाच पुष्कळ ठिकाणी ‘कॉन्फ्लिक्ट’ही म्हटलेलं दिसेल.

डिस्प्यूट म्हणजे दावा आणि प्रतिदावा. तो कुणापुढे तरी मांडता येतो, त्याचा निवाडा होऊ शकतो. म्हणूनच कायद्याच्या नावांत हाच शब्द असतो: १९४७ चा ‘इंडस्ट्रिअल डिस्प्यूट्स ॲक्ट’, १९५६ चा ‘इंटर-स्टेट रिव्हर वॉटर डिस्प्यूट्स ॲक्ट’, आणि त्याखाली १९६९ मध्ये नेमलेला कृष्णा पाणीतंटा लवाद. मराठीत याला ‘तंटा’ हा नेमका शब्द आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचं इंग्रजी करायचं तर ‘डिस्प्यूट-फ्री व्हिलेज’च, ‘कॉन्फ्लिक्ट-फ्री’ म्हटलं तर गावात बंदुका चालत होत्या की काय असं वाटेल. बेळगावचा सीमावादही त्याच हिशेबाने ‘डिस्प्यूट’.

महाभारतावरून लक्षात ठेवायचं असेल तर असं: गादी कुणाची हा डिस्प्यूट, कुरुक्षेत्रावर झालं ते वॉर, आणि दोन सैन्यांच्या मध्ये रथ थांबवून अर्जुनाच्या मनात जे चाललं होतं तो ‘इनर कॉन्फ्लिक्ट’. मराठीत त्याला द्वंद्व म्हणतो.

मीटिंगांबद्दल एक लहानशी गोष्ट. वेळापत्रकातल्या अडचणीला ‘आय हॅव अ कॉन्फ्लिक्ट’ म्हणायची सवय मुख्यतः अमेरिकी. ब्रिटनमध्ये आणि आपल्या विद्यापीठांत ‘क्लॅश’ जास्त चालतो: दोन पेपर एकाच दिवशी आले तर ‘माय एक्झाम्स आर क्लॅशिंग’. दोन्ही बरोबर.

पायरी ५: पुढेमागे कोणते शब्द

मराठीत आपण ‘पाण्यावरून’ भांडतो, म्हणून हात ‘ऑन वॉटर’कडे जातो. इंग्रजीत ‘ओव्हर’: ‘कॉन्फ्लिक्ट ओव्हर वॉटर’. दोन पक्षांमध्ये ‘बिट्वीन ए अँड बी’. त्यात ‘इन बिट्वीन’ची भर घालायची भारतीय सवय सोडावी, आणि ‘बिट्वीन’च्या पुढे ‘टू’ न लावता ‘अँड’च लावावा. एकाच्या बाजूने सांगायचं तर ‘कॉन्फ्लिक्ट विथ’, ‘अगेन्स्ट’ नाही. कुटुंबातल्या कुटुंबात असेल तर ‘विदिन द फॅमिली’. ‘ऑफ’ ठरावीक जोड्यांतच येतो, त्यातली मुख्य जोडी पुढे येईल.

‘अ’ लावायचा की नाही? एखादा ठरावीक संघर्ष मोजता येतो: ‘अ कॉन्फ्लिक्ट’, ‘टू कॉन्फ्लिक्ट्स’. एकूणच संघर्ष ही चीज मोजता येत नाही: ‘ही ॲव्हॉइड्स कॉन्फ्लिक्ट’, त्याला वादच नको असतो. ‘इन कॉन्फ्लिक्ट विथ’ आणि ‘कम इन्टू कॉन्फ्लिक्ट विथ’ हे घट्ट बांधलेले तुकडे आहेत, त्यांच्यात ‘अ’ घुसवू नका.

‘संघर्ष करणे’ वरून ‘डू अ कॉन्फ्लिक्ट’ होत नाही. कॉन्फ्लिक्ट ‘अराइज’ होतो म्हणजे उद्भवतो, लढाईसारखा असेल तर ‘ब्रेक आउट’ होतो, आणि मिटवताना ‘रिझॉल्व्ह’ करतात. ‘सॉल्व्ह’ गणिताला. डिस्प्यूटला मात्र ‘सेटल’ जास्त शोभतो.

पायरी ६: बांधीव जोड्या

हे शब्द सुट्या अर्थाने वाचले की हमखास चकवतात. अख्खी जोडी एक शब्द समजून शिकावी.

‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’. इथे इंटरेस्ट म्हणजे आवड नाही आणि बँकेचं व्याजही नाही, हितसंबंध. ग्रामपंचायतीत रस्त्याच्या कामाची निविदा उघडते आहे आणि निविदा भरणाऱ्यांत एका सदस्याचा मेव्हणा आहे. त्या सदस्याने अजून काही गैर केलेलं नाही, कदाचित करणारही नाही. तरी कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहेच, कारण गावाचं हित आणि घरचं हित एकाच खुर्चीत बसलं आहे. हा आरोप नसून परिस्थितीचं वर्णन आहे, हे नवख्यांना पटवून घ्यावं लागतं. फॉर्ममधला हा रकाना भरताना लोक चोरी कबूल केल्यासारखे कानकोंडे होतात. तो ‘डिक्लेअर’ किंवा ‘डिस्क्लोज’ करायचा असतो, आणि मग त्या निर्णयातून बाजूला व्हायचं, त्याला ‘रिक्यूज’ म्हणतात. अनेकवचन ‘कॉन्फ्लिक्ट्स ऑफ इंटरेस्ट’. ‘एस’ पहिल्या शब्दाला. मराठीत ‘हितसंबंधांचा संघर्ष’ रूढ झाला आहे. आम्हाला ‘हितसंघर्ष’ आटोपशीर वाटतो.

‘चाइल्ड इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ’. अठरा वर्षांखालच्या ज्या मुलावर गुन्हा केल्याचा आरोप आहे किंवा तो सिद्ध झाला आहे, ते मूल. पोलिसांच्या प्रेसनोटमधून आलेला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा बोजड शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोज दिसतो, तो याचंच भाषांतर. १९८६ च्या बालन्याय कायद्यात ‘डेलिन्क्वंट जुवेनाइल’ असा शब्द होता, म्हणजे मुलावर थेट गुन्हेगारीचा शिक्का. २००० च्या कायद्याने तो काढून ‘जुवेनाइल इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ’ आणला आणि २०१५ च्या कायद्याने ‘चाइल्ड’ केलं. नव्या शब्दात मूल आणि कायदा आमनेसामने आले एवढंच म्हटलं आहे. मराठी रूपातल्या ‘ग्रस्त’ने मात्र त्याला दुष्काळग्रस्त, पूरग्रस्तांच्या रांगेत नेऊन बसवलं. बातमी लिहिताना ‘बालगुन्हेगार’ लिहू नका, हा सल्ला मात्र पक्का.

‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’. ही जोडी १९४९ च्या जिनीव्हा करारांमुळे पक्की झाली. ‘युद्ध’ म्हटलं की घोषणा झाली होती का, हा प्रश्न येतो आणि घोषणा केलीच नाही म्हणून नियम झुगारता येतात. ती पळवाट बुजवायला करारात प्रत्यक्ष सशस्त्र लढाई हा निकष घेतला; एखाद्या बाजूने युद्धस्थिती मान्य केली नाही तरी करार लागू होतो. कलम ३ तर एकाच देशाच्या आतल्या लढाईलाही लागू आहे. १९८२ मधल्या फॉकलंडच्या लढाईला किंवा १९९९ मधल्या कारगिलला कुठे ‘वॉर’ तर कुठे ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हटलेलं सापडेल. दोन्ही वेळा रीतसर घोषणा झाली नव्हती. तुम्ही भाषांतर करत असाल तर मूळ मजकुरात जो शब्द असेल त्याला धरून ‘युद्ध’ किंवा ‘सशस्त्र संघर्ष’ लिहा. आपल्या मनाने बदलू नका.

‘कॉन्फ्लिक्ट डायमंड’ म्हणजे भांडणाचं मूळ ठरलेला हिरा नाही. बंडखोर गटांनी खाणींतून काढून, विकून, त्या पैशावर लढाया चालवल्या असे हिरे. ते व्यापारात शिरू नयेत म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्र पद्धत आहे.

‘ह्यूमन-लेपर्ड कॉन्फ्लिक्ट’ जुन्नरकरांना सांगायला नको. उसाच्या फडात बिबट्या राहतो, तिथेच पिलं होतात, आणि ऊसतोड सुरू झाली की माणूस आणि जनावर समोरासमोर येतात. इथेही ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे एकाच जागेवर दोघांचा वावर. बिबट्याच्या मनात वैर असतं असा अर्थ काढू नये. ‘मानव-बिबट संघर्ष’ या मथळ्यामुळे तसा तो निघतो खरा.

कागदपत्रांतलं एक वाक्य मात्र तोंडपाठ असावं, कारण द्विभाषिक करारात ते शेवटी हटकून भेटतं: ‘इन द इव्हेंट ऑफ एनी कॉन्फ्लिक्ट बिट्वीन द टू व्हर्जन्स, द इंग्लिश व्हर्जन शॅल प्रिव्हेल.’ याचं ‘दोन आवृत्त्यांमध्ये संघर्ष झाल्यास’ असं भाषांतर केलेलं दिसतं आणि वाचताना आवृत्त्या कुस्ती खेळतायत असं वाटतं. ‘दोन्ही मसुद्यांत तफावत आढळल्यास इंग्रजी मसुदा ग्राह्य धरला जाईल’ हे सरळ मराठी.

पायरी ७: संगणकाच्या पडद्यावर

‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे एकाच नेटवर्कवरच्या दोन यंत्रांना एकच पत्ता मिळाला. एकाचा पत्ता बदलला की मिटतं. ड्रॉपबॉक्समध्ये एकच फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली तर ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ नावाची दुसरी फाइल तयार होते. ती डिलीट करण्याआधी उघडून बघा, कारण एकाचं काम फक्त त्याच फाइलमध्ये असतं.

गिट म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. ते वापरणाऱ्यांना दोघांचे बदल एकत्र करताना ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ भेटतो. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळा बदल केला, आता कुठला ठेवायचा हे गिट ठरवू शकत नाही. फाइल उघडली की ‘पेक्षा लहान’ची सात चिन्हं असलेली ओळ दिसते, तिच्याखाली तुमचा मजकूर, मग बरोबरची सात चिन्हं, त्याखाली दुसऱ्याचा मजकूर, शेवटी ‘पेक्षा मोठे’ची सात चिन्हं. हवा तो मजकूर ठेवायचा, किंवा दोन्ही मिळून नवा लिहायचा, तिन्ही खुणांच्या ओळी पुसायच्या, मग ‘ॲड’ आणि ‘कमिट’ या आज्ञांनी बदल नोंदवायचा. नवख्यांकडून खुणांची एखादी ओळ राहून जाते आणि प्रोग्रॅम चालेनासा होतो. कमिट करण्याआधी ती सात चिन्हं फाइलमध्ये शोधून बघावीत.

पायरी ८: मुलाखतीतला प्रश्न

‘टेल मी अबाउट अ टाइम यू हॅड अ कॉन्फ्लिक्ट विथ अ को-वर्कर.’ या प्रश्नावर दोन उत्तरं हमखास येतात आणि दोन्ही पडतात. एक: ‘सर, आय नेव्हर फाइट विथ एनीवन.’ यातून कळतं की प्रश्नच समजला नाही. दुसरं: कोण कुणाला काय बोललं याची साग्रसंगीत कहाणी. विचारणाऱ्याला भांडण ऐकायचं नसतं. कामाबद्दल दोन मतं होती तेव्हा तुम्ही काय केलंत, हे ऐकायचं असतं.

उत्तर मिनिटभराचं ठेवा. मतभेद कशावर होता, समोरच्याचं म्हणणं काय होतं, तुमचं काय होतं, मार्ग कसा काढला, शेवटी काय झालं. समोरच्याचं म्हणणं तुमच्याआधी सांगा. त्याने उत्तराचा सूरच बदलतो. ‘फाइट’ आणि ‘क्वॉरल’ इथे नकोत, ‘डिसअग्री’ हवा. नमुना: ‘वी डिसअग्रीड अबाउट द रिलीज डेट. ही वॉन्टेड टू शिप ऑन फ्रायडे बिकॉज द क्लायंट वॉज वेटिंग. आय वॉन्टेड टू मोअर डेज फॉर टेस्टिंग. वी लिस्टेड द ओपन बग्ज टुगेदर, अँड फाउंड दॅट ऑल ऑफ देम वेअर इन द पेमेंट स्क्रीन. सो वी शिप्ड ऑन फ्रायडे विदाउट दॅट स्क्रीन, अँड ॲडेड इट द नेक्स्ट वीक.’ हे पाठ करून जाऊ नका. मुलाखत घेणारा लगेच पुढचं विचारतो, ‘कुठले बग होते?’